चाळीस वर्षांची चित्रं

कलाकारांना वेबसाइट बनवून देणारी कंपनी ती धाकट्या भावासोबत चालवायची. तीन वर्षं कुणीच न उघडलेल्या वेबसाइट तिने एके दिवशी सकाळी कायमच्या पुसून टाकल्या. दुपारी एका म्हाताऱ्या चित्रकाराचा फोन आला. “ताई, माझा स्टुडिओ जळाला. बरं झालं, चाळीस वर्षांची चित्रं तुमच्याकडे आहेत. पासवर्ड विसरलोय फक्त.” नाव ऐकताच तिने पुसलेल्या वेबसाइटची यादी उघडली. त्यात ते होतं. भाऊ बॅकअप शोधू लागला. अखेर सापडली ती नुसती नखाएवढी चित्रं. खोटं बोलावंसं वाटलं, पण तिने सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, “खिडकीपाशी बसलेल्या बाईचं चित्र बघा. बायको होती माझी. चेहरा दिसतोय?” तिने डोळे स्क्रीनजवळ नेले. चेहऱ्याच्या जागी चार ठिपके होते. “मी येते तुमच्याकडे,” ती म्हणाली.