भुलीतली हाक

सायनसच्या ऑपरेशननंतर ऋता भुलीतून हळूहळू बाहेर येत होती. नाकात पट्ट्या भरलेल्या, डोळे मिटलेले. पलंगाशी कस्तुरी बसली होती. ऋताच्या वडिलांशी तिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली, पण कॉलेजात जाणारी ऋता तिला अजून ‘काकू’च म्हणायची.

“आई,” ऋता पुटपुटली. “आई गं.”

कस्तुरीने पुढे केलेला हात मागे घेतला. ही हाक आपल्याला नाही. ऋताची आई तर केव्हाच गेली होती.

नर्स म्हणाली, “जवाब दीजिए ना. बात करेगी तो नींद जल्दी उतरेगी.”

कस्तुरी घुटमळली. मग दुसरीच्या नावाला ओ द्यावी तशी हळूच म्हणाली, “काय गं बाळा?”

“पाणी किती वर आलंय बघ.”

भुलीत माणूस कुठे कुठे जाऊन येतं कोण जाणे. कस्तुरीला राहवेना. तिने वाकून विचारलं, “कुठे आहेस तू?”

“रामघाटावर. पायऱ्यांवर बसलेय.”

पुढचं विचारावं की नाही, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने विचारलंच. “सोबत कोण आहे?”

“तूच की,” ऋता जड जिभेने म्हणाली. “आई, आज बँकेत नाही गेलीस?”

कस्तुरीने मघाशी मागे घेतलेला हात पुन्हा पुढे केला. बँकेत नोकरीला जायची ती कस्तुरी. ऋताच्या आईने कधी नोकरी केलीच नव्हती.