लाकडी पट्टी

हॉस्पिटलची सर्व्हर रूम सांभाळणाऱ्या कुमुदताईंनी खुर्चीतून न उठता लाकडी पट्टी लांबवली आणि सर्व्हरच्या कपाटावरचं बझर बंद करायचं बटण दाबून दाखवलं. "वर्षभर हेच करतेय. यंत्राच्या आतला प्रोग्रॅम, ते फर्मवेअर, बिघडलं म्हणून बोंबलतं, आणि बिघडलेलं काहीच नसतं."

"आता उगाच बोंबलणार नाही. सकाळी आठलाच ऑफिसातून दुरुस्ती चढवलीय," इंजिनियर परुळेकर म्हणाला. हॉस्पिटलचे सगळे स्कॅन त्या कपाटातल्या डिस्कवर होते. डिस्क सांभाळणारा कंट्रोलर रीसेट होत असताना त्याच्याशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, घाईने अर्धवट उत्तर वाचायचा आणि त्यालाच बिघाड समजायचा. उत्तर पुरं होईपर्यंत त्याला थांबवायला चार ओळी पुरल्या. ताईंना फोन करून सांगायचं तेवढं राहिलं होतं.

"आठला?" ताईंची पट्टी हवेतच राहिली. "मग अकराला का वाजलं? पाच-सहा वेळा वाजलं. मी आपली सवयीने दाबत बसले."

परुळेकरने स्कॅनची यादी उघडली. पान कोरं होतं. त्याने पुन्हा उघडली.

दारात ऑपरेशन थिएटरची नर्स धापा टाकत उभी होती. "ताई, स्क्रीनवर स्कॅन येत नाहीये. लवकर बघा ना, पेशंटचं डोकं उघडलंय."