काड्यांची थप्पी

कल्पना करा हं बाळांनो, तुमच्या आजोबांचं तोंड जेमतेम चमचा जाईल एवढंच उघडतंय. कॅन्सरच्या उपचारांनंतर आपल्या गोष्टीतल्या आजोबांचं तसंच झालं होतं. दाढ ठणकायची, पण दातांच्या दवाखान्यांनी हात वर केले. शेवटी एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दात बघायचा हा माझा आरसा आत जाऊ दे, मग मी दाढ भरते. आइसक्रीमच्या काड्या धुऊन, त्यांची थप्पी रोज दातांत धरा. हळूहळू एकेक काडी वाढवा."

काड्या पुरवायचं काम नातीने आनंदाने अंगावर घेतलं.

आज आरसा आत गेला, दाढही भरून झाली.

"ही सगळी आमच्या काडीबाईंची कृपा!" खुर्चीतून उतरत आजोबा म्हणाले.

काडीबाई टुणकन त्याच खुर्चीत चढल्या.

"आता माझी भरा. काड्या जमवता जमवता किडली," असं म्हणून नातीने मोठ्ठा आ केला.