दुसरा गडी

कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये महेंद्रकडं टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. त्यातल्या लढाईत दोन शिपाई असायचे, एक महेंद्रचा आणि एक धाकट्या धम्मपालचा. एकजण मागं राहिला की पडदा पुढं सरकायचाच नाही. धम्मपाल कायम मागं राहायचा आणि महेंद्र चिडायचा, "चल की रं गड्या, तुझ्यापायी सगळं अडलंय."

धम्मपाल तापानं गेला. त्यानंतरही महेंद्र गेम दोघांचाच लावायचा. आपला शिपाई पडद्याच्या कडेपर्यंत न्यायचा आणि तिथंच थांबायचा. मागं धम्मपालचा शिपाई जागच्या जागी उभा असायचा. भाकरी थापता थापता आईपण दारातून तिकडं बघत राहायची.

ज्याची दोघा भावांनी मिळून वाट बघितली होती तो गेमचा दुसरा भाग शेवटी शहाण्णव साली सांगलीच्या दुकानात आला. महेंद्र एसटीनं जाऊन कॅसेट घेऊन आला. सवयीनं त्यानं दोघांचाच गेम लावला आणि आपला शिपाई पळवला. या भागात एकजण मागं राहिला तरी पडदा कुठंच अडत नव्हता. जंगल मागं पडलं, पूल मागं पडला, नवीनच धबधबा आला. कितीतरी दिवसांनी महेंद्र हसत होता.

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला.



"म्हेंद्रा, धम्मा कुठं राहिला रं?"