महागला

दुबईच्या मनखूल भागातल्या ज्या मराठी घरांकडे गाडी नव्हती, त्यांचा पेट्रोलचा महिन्याचा खर्च गाडीवाल्यांइतकाच होता. वर्षभरात तो चौथाईहून अधिक वाढलाही होता. त्याच वर्षभरात पंपावरचा भाव जागचा हलला नव्हता.

विनिताने तक्ता मेबलपुढे सरकवला. "गाडी नाही, आणि खर्च आहे. कसा?"

"गाडी नाही म्हणून काय झालं, मॅडम? सगळ्यांनाच लागतो."

विनिता संख्याशास्त्रज्ञ होती. सतराव्या वर्षी ह्यूस्टनला गेली, तिथेच शिकली, तिथेच शिकवू लागली आणि नव्व्याण्णव साली दुबईतल्या एका खासगी सर्वेक्षण कंपनीत आली. घरोघरच्या इंधनखर्चावरून महागाई मोजायची, हे तिचे काम. सरकारी आकड्यांवर तिचा विश्वास नव्हता. माणसांवर त्याहून कमी.

मेबल वसईची. मराठी घरांत फिरून प्रश्न विचारायचे काम तिच्याकडे होते. नवरा वारल्यापासून तिचा आणि मुलीचा व्हिसा या नोकरीवर टिकून होता. मुलगी दहावीला होती. हे साऱ्या ऑफिसला ठाऊक होते, विनितालाही.

"तुम्ही घरी बसून आकडे लिहिता," विनिता म्हणाली.

"जिने चढून गुडघे गेले माझे. चला ना, तुम्हीच बघा."

"येणारच आहे. प्रश्न मी विचारेन. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"तुमच्यासमोर उघडतं कोण?"

पहिले घर कृष्णाबाईंचे. मूळच्या गुहागरकडच्या, नवरा सोन्याच्या दुकानात कामाला. मेबलला त्यांनी "ये गो" म्हटले, विनिताला "बसा, मॅडम."

विनिताने प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारला. प्रश्नातला एक शब्दही इकडचा तिकडे करायचा नाही, हा तिचाच दंडक होता.

"काय सांगू? भारी महागला," कृष्णाबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी महिन्याला तीस दिरहम जायचे, आता अडतीस. रुपयांत साडेचारशेच्या वर झाले की हो."

"तुमच्याकडे गाडी आहे?"

"गाडी?" कृष्णाबाईंनी मेबलकडे पाहिले. "ह्या काय विचारतात गो?"

मेबलने खांदे उडवले. ती नजर आणि ते खांदे, दोन्ही विनिताने मनात टिपून ठेवले.

वरच्या मजल्यावरची सगुणा साताऱ्याची. तीही म्हणाली, महागला. शेजारच्या इमारतीतली सायरा चिपळूणची. "महागला म्हणून बंद थोडाच करता येतो, ताई?" असे म्हणून तिने चहा पुढे केला. विनिताने तो घेतला नाही.

पेट्रोल महागते, मराठीत ते 'महागले' म्हणायचे. एखादी बाई 'महागला' म्हणाली असती, तर विनिताने तो हिंदीच्या संगतीचा दोष समजून सोडून दिला असता. पण तीन गावच्या तीन बायकांनी एकच चूक करावी? अमेरिकेत उत्तरपत्रिका तपासताना ती एक गोष्ट पक्की शिकली होती. बरोबर उत्तरे सगळ्यांची सारखीच असायची. चुका सारख्या निघाल्या की नक्कल झालेली असते. आणि मेबल स्वतःसुद्धा 'लागतो' म्हणाली होती.

उगम सापडला.

"छान पढवलंत," जिना उतरताना ती म्हणाली.

"कुणाला?"

"तिघींना. व्याकरणाच्या चुकीसकट."

"मी त्यांना काय पढवणार, मॅडम? दर महिन्याला खिसा त्यांचा कापला जातो. सांगायला माझी कशाला गरज?"

"खलास, मेबल. उद्यापासून येऊ नका."

मेबल पायरीवरच थांबली. कठडा तिने घट्ट धरला होता. "पोरीची परीक्षा मार्चमध्ये आहे. तोवर तरी ठेवा. फिरायचं काम नको असेल तर फायली लावते."

"खोटे आकडे मार्चपर्यंत खरे होत नाहीत."

"मी खोटं लिहिलं नाही."

"असं सगळेच म्हणतात," विनिता म्हणाली आणि पुढे उतरू लागली.

संध्याकाळी तिने अहवाल दिला. संचालकांनी तो वाचला, मेबलला एकदा बोलावून तरी घ्यावे का, असे विचारले. विनिताने पुरावा समजावून सांगितला. तो इतका नेटका होता की संचालकांना पुन्हा विचारावेसे वाटले नाही.

पुढच्या आठवड्यात मेबल कंपनीकडे ठेवलेला पासपोर्ट न्यायला आली. व्हिसा रद्द झाल्याचा शिक्का त्यावर सकाळीच बसला होता. शाळेतून मुलीचे नाव काढून ती थेट इकडे आली होती. पासपोर्ट मिळाल्याची सही तिने उभ्यानेच केली.

"आता तुम्हाला भ्यायचं काही उरलं नाही, म्हणून विचारते," ती म्हणाली.

"विचारा."

"तुम्ही त्या दिवशी घराघरांत गाडीचं काय विचारत होतात? वर्षभर मी दारोदार तुमच्याच शब्दांत विचारत आले, 'महिन्याला गॅसवर किती खर्च होतो?' गॅसचा आणि गाडीचा काय संबंध, मॅडम?"

विनिताने प्रश्नावली पुढे ओढली. मराठी घरांसाठीचा तो प्रश्न तिने स्वतः लिहिला होता. ह्यूस्टनमध्ये पेट्रोलला गॅस म्हणतात. मनखूलमध्ये गॅस म्हणजे स्वयंपाकाचा सिलिंडर.