रुक्मिणीबाईंनी पारखून घेतलेलं स्टील

गॅसवाल्या साहेबा, तू धडधडीत खोटारडा आहेस. "तासाभरात लाइन चालू होईल," असं सकाळी सांगितलंस, आणि संध्याकाळ झाली तरी घाटकोपरच्या रुक्मिणीबाईंच्या घरात गॅस नाही. आज त्यांच्या दीप्तीला बघायला समोरच्या बिल्डिंगमधली मंडळी येणार, आणि चहाचीच बोंब!

दीप्तीने मैत्रिणीकडून इंडक्शनची शेगडी आणली. रुक्मिणीबाईंनी तिच्यावर ठेवणीतलं पातेलं चढवलं. शेगडी नुसतीच पीं पीं करत राहिली. दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं, तेच रडगाणं.

"बिघडलीय मेली!"

"शेगडी झकास आहे गं आई," दीप्ती हसत सुटली. ती मुलुंडला स्टील तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. "तू जन्मभर भांड्यांच्या दुकानात चुंबक घेऊन गेलीस ना? चिकटला की 'हलका माल' म्हणून भांडं परत! न चिकटणाऱ्या स्टीलमध्ये निकेल असतं. ते मिसळलं की पोलादाच्या आतली मांडणीच बदलते, मग चुंबक धरत नाही. आणि या शेगडीला चुंबक धरणारंच भांडं लागतं."

"म्हणजे माझ्या घरात एकही..."

"एकही नाही. इतकं छान पारखलंस तू."

तेवढ्यात बेल वाजली. रुक्मिणीबाईंनी दार उघडलं आणि मुलाच्या आईचा हातच धरला.

"या, बसा. मुलाच्या पगाराचं, घराचं सगळं मागाहून बोलू. आधी सांगा, तुमच्याकडे चुंबक चिकटणारं पातेलं आहे की नाही?"