उजेडासमोरची तालीम

नवरा पुन्हा अडला. तोंड अर्धवट उघडं ठेवून बायकोकडे बघत राहिला. तिने संहितेवरचं बोटही न हलवता पुढचे शब्द टाकले, तसा तो पुढे निघाला. ती मात्र तिथेच घुटमळली. हे वाक्य काल सुरळीत आलं होतं. काल भलतीकडेच अडला होता, परवा आणखी तिसरीकडे. एकाच जागी अडणाऱ्या नटाचा इलाज तिला ठाऊक होता. रोज नव्या जागी अडणाऱ्याचं काय करायचं?

टेबलावर दिवा जळत होता. दिवा कसला, पांढऱ्याफेक उजेडाची पाटीच. रोज सकाळी अर्धा तास समोर बसायचं, थेट बघायचं नाही, पण उजेड चेहऱ्यावर आला पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याने डोकं तरतरीत राहतं, लक्ष लागतं, झोप ताळ्यावर येते म्हणे. साठी कधीच ओलांडलेल्या नवऱ्याच्या वाट्याला कितीतरी वर्षांनी मोठी भूमिका आली होती आणि दिग्दर्शक बाईंनी आधीच बजावलं होतं, रंगीत तालमीत एकदा जरी गाडी अडली तरी भूमिका दुसऱ्याला जाईल. विंगेत प्रॉम्प्टर मिळणार नाही.

प्रॉम्प्टर म्हणजे तीच. उभं आयुष्य तिने विंगेच्या अंधारात काढलं होतं. कुठल्या नटाचा श्वास कुठे लांबला की शब्द द्यायचा, हे तिला पाठमोरं उभं राहूनही कळायचं. मग नाट्यगृहाने प्रॉम्प्टर ठेवणं बंद केलं आणि ती घरी बसली. बसली ती बसलीच. पडदे ओढून दुपारच्या दुपार पलंगावर पडून राहायची. गॅसवर दूध ठेवून विसरायची. कुणाचा फोन आला तर नंतर करते म्हणायची आणि करायची नाही. एक दिवस नवरा म्हणाला, "हल्ली पाठच होत नाही गं. डॉक्टरांना दाखवतो, तूही चल." डॉक्टरांनी जाता जाता तिलाही विचारलं, झोप लागते का, जेवण जातं का. "माझं काही नाही हो, यांचं बघा," म्हणून ती बाहेर बाकावर जाऊन बसली. नवरा बाहेर आला तो दिव्याचं ठरवूनच.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. उजाडायच्या आत उठून ती दिवा पुसायची, खुर्च्या मांडायची आणि नवऱ्याला उठवायची. तो जांभया देत यायचा आणि खुर्ची हळूच बाजूला सरकवायचा.

"अहो, उजेड कुणाला हवाय?"

"डोळ्यांवर येतो गं. तू बस समोर. तुझं तोंड नीट दिसलं की मला पुढचं आठवतं."

मग ती निमूट दिव्यासमोर बसायची आणि हा महाशय कडेला. चिडून ती दिवा त्याच्याकडे वळवायची. दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. हा माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणार, अशी तिची खात्री झाली. दिव्यातच खोट असेल म्हणून ती दुकानदाराशी जाऊन भांडली. इतक्या दिवसांत फोन न केलेल्या जुन्या नट्यांना फोन करून पाठांतराच्या युक्त्या विचारल्या. भर दुपारी चालत जाऊन दिग्दर्शक बाईंची मनधरणी केली. रात्री अंथरुणावर संहिता मनात घोळवायला घ्यावी, तर पहिला अंक संपायच्या आत डोळा लागायचा. सकाळी तिला स्वतःचाच राग यायचा. नवऱ्याचं हे असं झालेलं आणि आपण ढाराढूर झोपतो, काय म्हणावं आपल्याला.

रंगीत तालमीला तिला शेवटच्या रांगेत बसवलं. इतक्या लांबून शब्द देणार कसा? तरी तिचे ओठ हलत होते. नवरा जिथे जिथे श्वास घ्यायला थांबला, तिथे तिथे ती खुर्चीतून अर्धी उठली. शेजारच्या प्रकाशयोजनाकाराने वैतागून तिच्याकडे बघितलं, मग जागाच बदलली. पहिला अंक झाला. दुसरा झाला. पडदा पडला तेव्हा तिच्या लक्षात आलं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं.

रंगमंचाच्या मागच्या बोळातून ती जवळजवळ पळतच रंगपटात गेली. नवरा आरशासमोर बसून तोंडाचा रंग पुसत होता. दुसरं कुणी नव्हतं.

"बघितलंत? दिव्याने काम केलं की नाही? तुमच्यावर माझा काडीचा भरवसा नव्हता, दिव्यावर होता."

"पाठ तर मला पहिल्या आठवड्यातच झालं होतं," तो म्हणाला.

तिला वाटलं, तो थट्टा करतोय. पण त्याचं तोंड थट्टेचं नव्हतं.

"मग रोज अडत होतात ते?"

"अडलो नसतो तर तू पाच मिनिटांत उठून गेली असतीस. पुन्हा पडदे ओढून पडली असतीस."

ती उभीच राहिली. अडलेल्या माणसाला शब्द देण्यात तिचा जन्म गेला होता, पण कुणी मुद्दाम अडत असेल हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिला आधी राग आला, मग रडू यायला लागलं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं आणि पुढे एक शब्द सुचेना. तोंड तसंच अर्धवट उघडं राहिलं.

या वेळी शब्द त्याने दिला.

"दिवा डॉक्टरांनी तुला सांगितला होता," तो म्हणाला. "मी नुसता सोबतीला बसत होतो."